आव्हिन्योंचा पेन्शनर

आपल्याकडचा पेन्शनर पुण्यास किंवा नाशकास चार खोल्यांचे घर घेऊन राहतो. मागच्या पिढ्यांत कोणी फारच विरक्त निघाला, तर तो काशीवासाला जाई. इंग्रजांतही उतारवयात देशांतर करण्याची चाल होती. फक्त त्यांची काशी फ्रान्सात होती. १८१५ साली वॉटर्लूवर नेपोलियनचा निकाल लागला, वाटा मोकळ्या झाल्या, आणि अर्ध्या पगारावर घरी बसवलेले लष्करी अंमलदार, बेताच्या उत्पन्नाच्या विधवा मड्डमा, हिंदुस्थानच्या उन्हात प्रकृती घालवून परतलेले मुलकी अधिकारी असे सगळे खाडी ओलांडून पलीकडे उतरू लागले. तिकडे घरभाडे कमी, द्राक्षाची दारू स्वस्त, ऊन भरपूर. लंडनात ज्या मिळकतीवर ओढाताण व्हायची, तिच्यावर तिकडे चार नोकर ठेवून राहता येई.

ही मंडळी बहुधा आपले इंग्लंड बरोबरच घेऊन जात. पिरेनीज पर्वताच्या पायथ्याशी पो नावाचे गाव आहे. १८४२ साली टेलर नावाच्या डॉक्टराने तिथल्या हवेची तारीफ करणारे पुस्तक लिहिले आणि गावात इंग्रजांची रीघ लागली. त्यांनी तिथे कोल्ह्याची शिकार सुरू केली आणि १८५६ साली गोल्फचे मैदान आखले. युरोपखंडावरचे ते पहिले मैदान समजतात. समुद्रकाठचे कान हे गाव लॉर्ड ब्रूम ह्या नामांकित राजकारण्याने असेच वसवले म्हटले तरी चालेल. १८३४ साली तो नीसला निघाला होता. वाटेत पटकीच्या साथीमुळे सरहद्द बंद, म्हणून कोळ्यांच्या ह्या वस्तीत मुक्काम पडला. ती जागा त्याला इतकी आवडली की तिथेच बंगला बांधून तो पुढे वर्षातले बरेच महिने राहू लागला, आणि १८६८ साली तिथेच वारला. आज कानला सिनेमाचे महोत्सव होतात त्याचे मूळ शोधायला गेले तर ते पटकीच्या साथीपर्यंत जाते!

ह्या सगळ्या हवाखाऊ मंडळींत एक पेन्शनर मात्र निराळा होता. तो फ्रान्सात राहिला तो एका थडग्याजवळ राहावे म्हणून. त्याचे पेन्शन कुठून येत होते ह्याचाही हिशेब आपण मराठी माणसांनी एकदा करावा असा आहे. ह्या गृहस्थाचे नाव जॉन स्टुअर्ट मिल.

मिल हे नाव आपल्याला परके नाही. गोपाळ गणेश आगरकरांच्या पिढीने डेक्कन कॉलेजात मिल आणि स्पेन्सर ह्यांची पारायणे केली, आणि त्या वाचनाचा झणझणीत परिणाम पुढे 'सुधारका'च्या स्तंभांतून महाराष्ट्राने अनुभवला. परंतु मिल म्हटला की आपल्यासमोर टक्कल पडलेला, ओठ घट्ट मिटलेला एक तत्त्वज्ञ उभा राहतो. हा मनुष्य पोटासाठी काय करीत होता, हे पुष्कळांच्या ध्यानी नसते. तो ईस्ट इंडिया कंपनीत कारकून होता. त्याचे वडील जेम्स मिल ह्यांनी हिंदुस्थान न पाहता हिंदुस्थानचा मोठा इतिहास लिहिला आणि त्याच्या जोरावर कंपनीच्या लंडनच्या कचेरीत जागा मिळवली. त्यांनी १८२३ साली, मुलाला सतरा वर्षे पुरी होताच, त्याला आपल्याच हाताखाली चिकटवून दिले. लेडनहॉल स्ट्रीटवरच्या त्या कचेरीत मिल पस्तीस वर्षे बसला. हिंदुस्थान त्यानेही कधी पाहिला नाही.

काम काय, तर हिंदुस्थानातून गलबते भरभरून जे कागद येत ते वाचायचे आणि त्यांवर खलित्यांचे मसुदे तयार करायचे. असे सुमारे सतराशे मसुदे त्याच्या हातचे आहेत. त्यातली वीसाहून अधिक वर्षे त्याच्याकडे देशी संस्थानांचा पत्रव्यवहार होता. म्हणजे छत्रपतींची साताऱ्याची गादी १८४८ साली खालसा करण्याचे ठरले, तेव्हा 'स्वातंत्र्य' ह्या विषयावर पुढे जगप्रसिद्ध ग्रंथ लिहिणारा हा माणूस नेमक्या त्याच खात्यात टाक घेऊन बसलेला होता. त्या ग्रंथातही त्याने पहिल्याच प्रकरणात एक पळवाट ठेवली आहेच. हे तत्त्व सुधारलेल्या समाजांसाठी. मागासलेल्यांनी एखादा अकबर किंवा शार्लमेन नशिबाने लाभला तर मुकाट्याने त्याची आज्ञा पाळावी! आपल्याला हे वाक्य टोचल्याशिवाय राहत नाही. पण न्याय करायचा तर दुसरीही बाजू सांगितली पाहिजे. मेकॉलेने देशी विद्यांची जी हेटाळणी केली, तिच्याविरुद्ध १८३६ साली कचेरीतून एक कडक मसुदा तयार झाला होता आणि तो मिलच्याच हातचा होता. वरच्या साहेबांनी तो दाबून टाकला.

कचेरीचा जाच त्याला कधी वाटला नाही, ही लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट आहे. सकाळी दहाला पायी यायचे, तिथेच चहा, पाव-लोणी आणि उकडलेले अंडे अशी न्याहारी करायची, सरकारी काम उरकले की आपले लिखाण पुढे ओढायचे. त्याचे मोठमोठे ग्रंथ असे कंपनीच्या वेळात आणि बहुधा कंपनीच्याच शाईने लिहिले गेले. ग्रंथावर पोट भरू नये, पोटाला वेगळा धंदा असावा, असे तो स्वच्छ सांगे.

१८५८ साली बंडाच्या वणव्यात कंपनीच जळून गेली. हिंदुस्थानचा कारभार राणीकडे जाऊ नये म्हणून कंपनीतर्फे पार्लमेंटला जो अर्ज गेला, तोही मिलनेच लिहिला होता. उपयोग झाला नाही. नव्या इंडिया कौन्सिलमध्ये जागा देऊ केली असता त्याने नाकारली. बावन्नाव्या वर्षी, सालिना दीड हजार पौंडांचे पेन्शन घेऊन तो मोकळा झाला. कचेरीतल्या मंडळींनी त्याच्यासाठी चांदीची दौत घडवली. असले निरोपसमारंभ त्याला खपत नसत. शेवटी मंडळींनी ती दौत त्याच्या घरी परस्पर पोचती केली आणि परत करायला तो बाहेर येण्याच्या आत पोचवणाऱ्याने पोबारा केला.

आता त्याच्या संसाराविषयी चार शब्द सांगणे भाग आहे, नाहीतर पुढचे काही कळणार नाही. हॅरिएट टेलर ही एका व्यापाऱ्याची बायको. १८३० साली तिची आणि मिलची ओळख झाली. तिची बुद्धी मोठी तल्लख, स्त्रियांच्या हक्कांविषयी तिची मते निर्भीड. पुढची जवळजवळ वीस वर्षे ह्या दोघांच्या स्नेहावर लंडनच्या दिवाणखान्यांत कुजबूज चालू होती. मिलने त्यापायी जवळची माणसेसुद्धा तोडली. १८४९ साली तिचा नवरा कर्करोगाने वारला आणि १८५१ च्या एप्रिलात ह्या दोघांनी लग्न केले. त्याआधी मार्च महिन्यात मिलने एका कागदावर सही केली होती. कायद्याने नवऱ्याला बायकोच्या देहावर, मिळकतीवर आणि स्वातंत्र्यावर जे हक्क मिळतात, ते आपल्याला मान्य नाहीत आणि आपण ते कधी बजावणार नाही, असा त्याचा आशय. त्या काळात पुण्यात जोतीराव फुले नुकतेच मुलींच्या शाळा चालवू लागले होते, हे आठवले म्हणजे काळाचा अंदाज येतो.

दोघांनाही क्षयाची बाधा. नोकरी सुटताच हिवाळा दक्षिण फ्रान्सात काढायचा बेत ठरला. मिलला तो प्रदेश अनोळखी नव्हता. चौदाव्या वर्षी वडिलांच्या कडक शिकवणीतून सुटून तो एक वर्ष तिकडे राहिला होता, जेरेमी बेंथम ह्या तत्त्वज्ञाच्या भावाच्या कुटुंबात. त्या कुटुंबातला मुलगा जॉर्ज पुढे मोठा वनस्पतिशास्त्रज्ञ झाला. त्याच्या नादाने मिलला फुले गोळा करण्याचा छंद जडला. तिथली मोकळी, एकमेकांशी सहज बोलणारी माणसे त्या घुम्या मुलाच्या मनात कायमची ठसली होती.

१८५८ च्या ऑक्टोबरात दोघे निघाली. ऱ्होन नदीकाठच्या आव्हिन्यों शहरी पोचेपर्यंत हॅरिएटची प्रकृती ढासळली. पूर्वी तिला औषध दिलेला एक डॉक्टर नीस येथे होता, त्याला तारा गेल्या. पण तो येऊन पोचायच्या आधीच, ३ नोव्हेंबरला, हॉटेलच्या खोलीत तिने प्राण सोडला. लग्नाला साडेसात वर्षे झाली होती. नोकरी सुटल्याला महिनेसुद्धा मोजकेच झाले होते.

तिला गावाबाहेर सँ व्हेराँच्या दफनभूमीत पुरले. मिलने काय करावे? त्याने त्या दफनभूमीला अगदी लागून असलेले एक लहानसे पांढरे घर विकत घेतले. जिथे ती वारली त्या खोलीतले सामान हॉटेलवाल्याकडून मागून घेऊन ते ह्या घरात मांडले. इटलीतून संगमरवर आणवून थडगे बांधले आणि त्यावर एवढा लांब लेख कोरवला की दगड कमी पडतो की काय असे वाटावे. हॅरिएटची मुलगी हेलन तेव्हा सत्तावीस वर्षांची होती. नटी व्हायचे तिच्या मनात होते आणि त्या वाटेवर तिने पावलेही टाकली होती. ते सर्व सोडून ती सावत्र बापापाशी येऊन राहिली ती कायमची. वर्षातले काही महिने लंडनजवळ ब्लॅकहीथला आणि बाकीचे आव्हिन्योंला, असा दोघांचा क्रम सुरू झाला.

विधुराचे हे असले शोकमंदिर थोड्याच दिवसांत उजाड व्हायचे, असे कोणालाही वाटले असते. झाले उलटे. त्या घरात मिल जितका लिहिता झाला तितका क्वचितच कधी झाला असेल. हॅरिएटच्या हयातीत दोघांनी मिळून घोटलेला 'स्वातंत्र्य' हा निबंध त्याने १८५९ च्या आरंभी, एक अक्षर न बदलता, तिला अर्पण करून छापला. मग प्रातिनिधिक राज्यपद्धतीवरचा ग्रंथ, मग उपयुक्ततावादावरचा. स्त्रियांच्या पराधीनतेवरचे पुस्तक त्याने आव्हिन्योंलाच १८६०-६१ च्या सुमारास लिहिले आणि लोकांचे कान तयार होईपर्यंत, म्हणजे १८६९ पर्यंत, पेटीत ठेवून दिले. राजधानीपासून लांब राहिल्याने राजकारण अंधुक दिसते ही समजूत त्याने खोडून काढली आहे. टपाल आणि वर्तमानपत्रे येतातच, उलट रोजच्या मेजवान्यांतली तीच ती मते कानांवर आदळत नाहीत म्हणून दूरचा माणूस अधिक स्वच्छ पाहतो, असा त्याचा अनुभव. मला हे अर्धेच पटते. रोजची बातमी दुसऱ्याकडून ऐकत बसणारे पेन्शनर मी गावोगाव पाहिले आहेत, ते काही तत्त्वज्ञ झाले नाहीत. पण मिलचे तसे झाले खरे.

मधली तीन वर्षे त्याला ह्या एकांतातून उठावे लागले. १८६५ साली वेस्टमिन्स्टरच्या काही मतदारांनी पार्लमेंटसाठी त्याचे नाव पुढे केले. मी एक पैसा खर्च करणार नाही, मते मागत दारोदार हिंडणार नाही, निवडून आलो तर तुमची गावकामे करणार नाही, अशा अटी त्याने घातल्या. आणि तरी तो निवडून आला! २० मे १८६७ रोजी, नेमक्या आपल्या वाढदिवशी, त्याने मताधिकाराच्या कायद्यातला 'पुरुष' हा शब्द काढून 'व्यक्ती' हा शब्द घालावा अशी दुरुस्ती मांडली. बाजूने ७३ मते पडली आणि विरुद्ध १९६. पुढच्या निवडणुकीत, १८६८ साली, स्मिथ नावाच्या पुस्तक-वर्तमानपत्रांच्या विक्रेत्याने त्याला पाडले. मिलला त्याचे दुःख झाल्याचे दिसत नाही. तो आव्हिन्योंला परतला तेव्हा हेलनने त्याच्यासाठी घर वाढवून ठेवले होते. पावसाथंडीत येरझारा घालता याव्यात म्हणून तीस फूट लांबीचा झाकलेला ओटा आणि वाळवलेल्या वनस्पतींसाठी कपाटे, पुस्तकांच्या फळ्या, भले मोठे टेबल असलेली स्वतंत्र खोली. जुन्या कचेरीतल्या मित्राला त्याने ह्याचे जे वर्णन लिहून पाठवले, ते वाचताना हा तत्त्वज्ञ नवे खेळणे मिळालेल्या मुलासारखा खूष झालेला दिसतो. त्या ओट्याला घरात एक थट्टेचे नावही पडले होते: लंबकासारखे झुलण्याची जागा.

हे सगळे कोणाच्या पैशावर? कंपनीच्या नोकरांची पेन्शने १८५८ नंतर ब्रिटिश खजिन्यावर पडली असे कोणी समजेल तर ती चूक होईल. त्या वर्षीच्या कायद्याने लंडनमधल्या इंडिया ऑफिसाचा सगळा खर्च, स्टेट सेक्रेटरीच्या पगारासकट, हिंदुस्थानच्या महसुलावर लादला गेला, आणि कंपनीच्या पेन्शनांचा बोजाही तिकडेच आला. दीड हजार पौंड म्हणजे त्या वेळच्या भावाने पंधरा हजार रुपये. १८५८ पासून १८७३ पर्यंत ही रक्कम दर वर्षी गेली. त्याच काळात, १८६७ पासून, पुणे जिल्ह्यात इंदापूर तालुक्यापासून जमिनीची फेरआकारणी सुरू झाली आणि कुणब्याचा सारा एकदम चढला. सावकार, लिलाव, आणि १८७५ चे सुप्याचे दंगे ही पुढची हकीकत सर्वश्रुत आहे. त्याच १८६७ च्या मे महिन्यात, मिल पार्लमेंटात बसलेला असताना, लंडनमध्येच दादाभाई नौरोजींनी इंग्लंडवर हिंदुस्थानचे देणे किती आहे ह्याविषयी आपला निबंध वाचला. मिलने पस्तीस वर्षे चाकरी केली होती, पेन्शन त्याच्या हक्काचे होते, त्याने त्यातून चैन केली नाही. पण ऱ्होनकाठच्या त्या ओट्याची एखादी तरी फरशी इंदापूरच्या ज्वारीने बसवली होती, एवढे आपल्या वहीत नोंदलेले असावे. आगरकरांनी मिल वाचला तेव्हा आपण आपल्याच पैशाची भरपाई करून घेत आहोत, हे त्यांच्या मनात आले असेल काय?

आव्हिन्योंच्या लोकांना ह्यातले काही ठाऊक नव्हते. त्यांना दिसे तो काळ्या कपड्यांतला, हातात वनस्पतींचा पत्र्याचा डबा घेतलेला इंग्रज म्हातारा, जो गरिबांना मदत करतो आणि चर्चमध्ये जात नाही. तिथे त्याला एक विलक्षण मित्र मिळाला. झाँ-आंरी फाब्र हा शाळामास्तर. कीटकांच्या आयुष्यावर ज्याची पुस्तके पुढे जगभर गेली, तोच. तेव्हा तो गावातल्या रेकियें संग्रहालयाचे काम पाही, आणि तुटपुंज्या पगारावर मोठे कुटुंब पोशी. आव्हिन्योंच्या आसपास तेव्हा मंजिष्ठाची फार मोठी लागवड असे. ह्या मुळांतून शुद्ध रंग काढण्याची कृती फाब्रने वर्षानुवर्षे खपून बसवली. ती हाताशी येते न येते तोच जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी १८६८ साली तोच रंग कृत्रिम रीतीने तयार केला आणि फाब्रची आशा बुडाली. त्यात त्याने मुलींसाठी चालवलेल्या संध्याकाळच्या वर्गात फुलांचे परागीकरण समजावून सांगितले. मुलींपुढे असले बोलणे! गावातल्या धार्मिक मंडळींनी काहूर उठवले. घराच्या मालकिणी दोघी सोवळ्या म्हाताऱ्या होत्या; त्यांनी त्याला बिऱ्हाड सोडायला लावले. शाळेची नोकरीही गेली. कुटुंब घेऊन जायचे कुठे आणि कशाच्या बळावर, अशा वेळी फाब्रने मिलला कळवले. मिलने तीन हजार फ्रँक पाठवून दिले. त्या पैशावर फाब्र जवळच्या ओरांज गावी जाऊन राहिला, आणि त्याने ते पुढे फेडले.

ह्या दोघांनी मिळून व्होक्ल्यूझ प्रांतातल्या सगळ्या वनस्पतींची नोंद करायचा घाट घातला होता. एक इंग्रज, अबोल, नाकासमोर चालणारा. दुसरा दक्षिणेकडचा, रुंद काठाची टोपी घातलेला, प्रत्येक दगड उलटून खाली कोण राहतो ते बघणारा. मिस्त्राल नावाचा तिथला उत्तरेचा वारा सुटला की उभे राहणे मुश्कील होते. अशा माळांवरून हे दोघे मैलच्या मैल हिंडत.

शनिवार, ३ मे १८७३ रोजी मिल आगगाडीने ओरांजला गेला. त्या दिवशी दोघे फुले शोधत पंधराएक मैल चालले. घरी परतल्यावर त्याला ताप भरला. त्या दलदलीच्या भागात विसर्प नावाचा त्वचेचा जीवघेणा विकार नेहमी आढळे, तोच झाला होता. चौथ्या दिवशी, ७ मे रोजी, तो वारला. आपले काम करून झाले आहे, असे काहीसे तो हेलनला शेवटी म्हणाला. त्याला हॅरिएटच्या शेजारी त्याच थडग्यात ठेवले, तेव्हा तिथे अगदी मोजकी माणसे हजर होती. आव्हिन्योंचा प्रॉटेस्टंट पाद्री लुई रे ह्याच्याशी त्याचा स्नेह होता. त्याने प्रार्थना म्हटली. त्यावरून इंग्लंडात त्याच्या नास्तिक चाहत्यांचे माथे भडकले, आणि आस्तिकांचे तर आधीपासूनच भडकलेले होते.

हेलन त्या घरात आणखी तीस वर्षे अधूनमधून राहत होती. १९०५ साली ती इंग्लंडला परतली आणि १९०७ साली वारली. ब्लॅकहीथच्या घरातली पुस्तके ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिल ह्या मुलींच्या कॉलेजला मिळाली. आव्हिन्योंत मिलच्या नावाचा रस्ता आहे. त्याच्या टेबलावर वाळवून, चिकटवून, बारीक अक्षरात नावे घातलेल्या वनस्पतींचे कागद हेलनने लंडनच्या क्यू बागेकडे पाठवले. तिथून काही पुढे अमेरिकेत हार्व्हर्डला गेले, काही ऑस्ट्रेलियात मेलबर्नला. आणि ऱ्होनकाठच्या माळावरची ती फुले तिथल्या कपाटांत, गावाचे नाव आणि तारखेसकट, अजून ठेवलेली आहेत.